रक्त कमी आहे, मग लोह काढायचे कशासाठी?

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांची मुलगी १९ वर्षांची असून बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती सहा वर्षांची असल्यापासून तिला ‘रक्त कमी’ म्हणून घराजवळचे डॉक्टर लोहाचे औषध देत आले. मोठ्या आजारपणात मिळून आजवर सहा वेळा रक्त चढवावे लागले. आठ महिन्यांपूर्वी प्लीहा वाढल्याचे लक्षात आले, पुण्याला तपासण्या झाल्या आणि तिला थॅलेसेमिया इंटरमीडिया (हिमोग्लोबिन नीट न घडण्याच्या आनुवंशिक आजाराचा मध्यम तीव्रतेचा प्रकार) असल्याचे निदान झाले. हिमोग्लोबिन साडेसात ते साडेआठ असते. फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आधी १,१८० होते, तीन महिन्यांनी १,२४० झाले. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातला लोहाचा वाहक किती भरला आहे ते) ८२ टक्के आहे. पुण्याच्या रक्तविकारतज्ज्ञांनी लोहाचे औषध बंद करायला, यकृताचा एमआरआय करायला आणि शरीरातले लोह बाहेर काढणारी गोळी सुरू करायला सांगितले आहे. गावातल्या डॉक्टरांना हे पटत नाही. ‘आठ हिमोग्लोबिनच्या मुलीचे लोह काढून तिला काय खाटेवर झोपवायचे आहे का?’ असे ते म्हणतात. सासूबाई अळिवाचे लाडू आणि खजूर देतच आहेत. आईने लोहाचे औषध निम्म्यावर आणले आहे, पण बंद केलेले नाही, कारण दोन वर्षांपूर्वी ते महिनाभर नीट दिल्यावर हिमोग्लोबिन ७.४ वरून ८.३ झाल्याचे त्यांनी स्वतः पाहिले आहे. ‘रिकाम्या डब्यातून धान्य काढण्यासारखे हे नाही का? कोणाचे ऐकू? आणि इतकी वर्षे मीच तिला विष पाजले का?’ असे त्या विचारतात.

ताई,

बाकीचे सगळे सावकाश बोलू. एक गोष्ट मात्र आजच करा. लोहाचे ते औषध, अर्धा चमचासुद्धा, आता देऊ नका. आणि पुण्याच्या डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत, हे आठ महिने ते थोडेथोडे चालूच होते, हे त्यांना सांगून टाका. ते रागावतील या भीतीने तुम्ही गप्प राहिलात, असे पत्रावरून दिसते. पण औषध बंद असूनही फेरिटिन का वाढले, याचा ते विचार करत असणार आणि त्या विचारासाठी लागणारी नेमकी माहिती त्यांच्याकडे नाही. मी तुमच्या मुलीला तपासलेले नाही, तिचे मूळ अहवालही पाहिलेले नाहीत. म्हणून खाली जे लिहितो आहे ते तिच्या डॉक्टरांशी तुमचे बोलणे सोपे व्हावे यासाठी आहे, त्यांच्या सल्ल्याच्या जागी नव्हे.

रिकाम्या डब्याची तुमची उपमा मी दोनदा वाचली. ती चपखल आहे, फक्त डबा रिकामा आहे हे तुम्ही कशावरून ठरवलेत? हिमोग्लोबिनवरून. आणि हिमोग्लोबिन हे डब्याचे माप नाही. ते ताटात पडलेल्या भाकरीचे माप आहे. ताटात भाकरी कमी पडते ती एक तर घरात पीठच नसते म्हणून, नाही तर पीठ भरपूर असूनही थापताना भाकरी मोडते म्हणून. आपल्याकडे पहिला प्रकार इतका सर्रास आढळतो की दुसऱ्याची आठवणच होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे ५७ जणींना रक्तक्षय आढळला, आणि त्यातल्या पुष्कळ जणींच्या बाबतीत लोहाची कमतरता हेच कारण असते. तुमच्या मुलीच्या बाबतीत मात्र भाकरी थापतानाच मोडते आहे. हिमोग्लोबिन घडवायला अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या प्रथिनसाखळ्या लागतात. थॅलेसेमियात (इथे बीटा प्रकार गृहीत धरतो, कारण इंटरमीडिया म्हणून जे निदान होते ते बहुतेक वेळा त्याचेच असते) बीटा साखळी पुरेशी तयार होत नाही, उरलेल्या अल्फा साखळ्या पेशीच्या आत गोळा होऊन बसतात आणि पुष्कळशा तांबड्या पेशी अस्थिमज्जेतून, म्हणजे हाडांतल्या ज्या मगजात रक्त तयार होते तिथून, बाहेर पडण्याआधीच मरतात. ज्या बाहेर पडतात त्यांनाही निरोगी पेशीचे १२० दिवसांचे आयुष्य लाभत नाही. तिची प्लीहा वाढली त्याचे एक कारण हेच, की या अशक्त पेशी मोडून काढण्याचे काम तिच्यावर येऊन पडते.

आता या मोडलेल्या भाकऱ्यांचे पीठ, म्हणजे लोह, जाते कुठे? ते वाया जात नाही. निरोगी शरीरसुद्धा जुन्या पेशींमधले २० ते २५ मिलिग्रॅम लोह दररोज परत वापरायला घेते आणि आतड्यातून नव्याने जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम आत घेते. इतकी काटकसर असते याचे कारण असे, की जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोयच माणसाच्या शरीरात नाही. पाणी जास्त झाले तर लघवी होते, मीठ जास्त झाले तर मूत्रपिंड ते सोडते. लोहासाठी असा मार्ग नाही. त्वचेच्या आणि आतड्याच्या पेशी झडतात आणि बायकांची पाळी येते, तेवढाच काय तो निचरा. त्यामुळे सगळा ताबा आत घेण्याच्या दाराशी ठेवलेला असतो. त्या दाराची कडी यकृताच्या हातात आहे. हेप्सिडिन नावाचे संप्रेरक यकृत तयार करते. ते वाढले की आतड्याचे दार बंद होते, कमी झाले की उघडते.

तुमच्या मुलीच्या शरीरात घोटाळा होतो तो इथे. अस्थिमज्जा जिवाच्या आकांताने पेशी घडवत असते, आणि घडवणाऱ्या या कोवळ्या पेशी एरिथ्रोफेरॉन नावाचा निरोप यकृताकडे पाठवत राहतात : ‘काम खूप आहे, लोह पाठवा.’ यकृत तो निरोप मानते, हेप्सिडिन कमी करते आणि दार सताड उघडे राहते, कोठार भरून वाहत असले तरी. म्हणजे तुम्ही, तुमचे डॉक्टर आणि तुमच्या मुलीचे यकृत या तिघांचीही एकच चूक झाली. कमी हिमोग्लोबिन पाहून तिघांनीही लोह कमी आहे असे धरले. हे मी तुमचे सांत्वन करण्यासाठी लिहीत नाही. शरीरात खरोखरच असे घडते.

गावातल्या डॉक्टरांविषयीही दोन शब्द लिहितो, कारण ‘कोणाचे ऐकू’ या प्रश्नात त्यांच्यावरचा इतक्या वर्षांचा विश्वास पणाला लागला आहे. हेप्सिडिनचा शोध २००० सालाच्या आसपास लागला आणि एरिथ्रोफेरॉनचा २०१४ मध्ये. आम्ही वैद्यकाचे शिक्षण घेत होतो तेव्हा आमच्या पुस्तकांत हे दोन्ही शब्दच नव्हते. शिवाय साध्या रक्ततपासणीत लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया या दोन्हींत तांबड्या पेशी लहान आणि फिकट दिसतात. तालुक्याच्या ठिकाणी रोज असे दहा अहवाल पाहणाऱ्या डॉक्टरने लोह लिहून दिले, यात पहिल्या वर्षी काही गैर नव्हते. तीन महिने लोह देऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, तेव्हा फेरिटिन आणि हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी तपासणी करायला हवी होती, ही मात्र खरी चूक, आणि ती मी झाकणार नाही. या सदराच्या इतर वाचकांनीही एवढे लक्षात ठेवावे : लोह दोन-तीन महिने नियमित घेऊनही रक्त वाढत नसेल, तर चौथ्या महिन्याची बाटली विकत घेण्याआधी ते का वाढत नाही याचा शोध घ्यायला हवा. पण तुमच्या डॉक्टरांशी नाते तोडू नका. तिला ताप आला, उलट्या झाल्या, तर रात्री अकरा वाजता दार उघडणारे तेच आहेत. पुण्याच्या डॉक्टरांकडून त्यांच्या नावे एक चिठ्ठी मागून घ्या. एका डॉक्टरचे दुसऱ्याला लिहिलेले पत्र जे काम करते ते रुग्णाच्या तोंडी निरोपाने होत नाही.

तुमच्या डोळ्यांनी पाहिलेल्या पुराव्याचे काय? ७.४ वरून ८.३. दोन वर्षांपूर्वीच्या त्या महिन्याआधी तिला ताप किंवा खोकल्याचे आजारपण आले होते का, ते आठवून पाहा. थॅलेसेमियात साध्या विषाणूच्या तापातही हिमोग्लोबिन घसरते आणि आजार ओसरला की आपोआप पूर्वीच्या पातळीवर येते. आपण नेमके ते घसरलेले असतानाच औषध आणतो, त्यामुळे चढाचे श्रेय बाटलीला मिळते. तुम्हीच लिहिले आहे की तिचे हिमोग्लोबिन साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असते, ८.३ हा आकडाही त्याच पट्ट्यातला आहे. तेरा वर्षांच्या औषधाने तो पट्टा वर सरकलेला नाही, यातच काय ते आले.

आता थोडा हिशोब करू. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. सहा पिशव्यांचे सव्वा ते दीड ग्रॅम झाले. धडधाकट प्रौढ माणसाच्या अंगात सगळे मिळून तीन-चार ग्रॅम लोह असते, आणि त्यातलेही दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असते. दार उघडे राहिल्यामुळे आतड्यातून रोज तीन मिलिग्रॅम जरी गरजेपेक्षा जास्त शोषले गेले, तरी वर्षाला एक ग्रॅमहून अधिक साठते. मग त्यात औषधाची भर. सासूबाई म्हणतात तसे पाळीत रक्त जाते हे खरे, पण तिच्या हिमोग्लोबिनला त्यातून महिन्याकाठी साधारण १० मिलिग्रॅम लोह बाहेर पडते. महिन्याला ९० आत आणि १० बाहेर, हा ताळा कधीच जुळणार नाही.

साठलेले लोह जागच्या जागी निमूट पडून राहत असते तर काही बिघडले नसते. रक्तात लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन हे प्रथिन साधारण २० ते ४५ टक्के भरलेले असावे, तिचे ८२ टक्के भरले आहे. वाहकाला जागा उरली नाही की मोकळे लोह पेशींमध्ये शिरते आणि आतून जाळत जाते. ज्यांना नियमित रक्त चढवतात त्या थॅलेसेमिया मेजरच्या रुग्णांत ते हृदयापर्यंत पोचते. इंटरमीडियात मुख्य घाव यकृतावर बसतो आणि शिवाय अंतःस्रावी ग्रंथींवर. तिची पाळी सोळाव्या वर्षी सुरू झाली, असे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज म्हणून लिहिले आहे. ते पुण्याच्या डॉक्टरांना सांगितले आहे का? दीर्घकाळच्या रक्तक्षयानेही पाळी लांबते, पण लोहाने संप्रेरकांच्या ग्रंथींना धक्का पोचला आहे का, हे पाहायला हवे. थायरॉइड, साखर, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता या तपासण्या वर्षातून एकदा व्हाव्यात. सहा वेळा रक्त चढवले आहे, म्हणून हिपॅटायटिस बी आणि सी यांचीही तपासणी करा, आणि हिपॅटायटिस बी ची लस झाली नसेल तर ती द्या. यकृतावर आधीच ओझे असताना त्यात दुसरे नको.

फेरिटिन तापामुळे वाढले असेल, अशी शंका तुम्ही घेतली आहे, आणि ती रास्त आहे. संसर्ग, सूज, यकृताचा आजार यांत फेरिटिन उगाच चढते. म्हणूनच ते बरे असताना आणि एकापेक्षा जास्त वेळा पाहतात. पण तुमच्याकडे तीन महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्या आहेत आणि सोबत ८२ टक्क्यांचे सॅच्युरेशन आहे. ताप आला की सॅच्युरेशन उलट खाली येते. त्यामुळे हा आकडा तापाचा म्हणून बाजूला सारता येत नाही. उलट एक अवघड गोष्ट सांगतो : इंटरमीडियात फेरिटिन खऱ्या साठ्यापेक्षा कमी बोलते. थॅलेसेमिया मेजरच्या रुग्णात १,२०० फेरिटिन म्हणजे जेवढा साठा, त्याहून तुमच्या मुलीत तो बराच जास्त असू शकतो. म्हणून डॉक्टरांनी यकृताचा एमआरआय सांगितला आहे. त्यात सुई नाही, यकृताचा तुकडा काढणे नाही. एका ग्रॅम सुक्या यकृतात किती मिलिग्रॅम लोह आहे याचा अंदाज त्यावरून मिळतो. ५ च्या वर आकडा असेल, किंवा एमआरआय शक्य नसताना फेरिटिन ८०० च्या वर असेल, तर दहा वर्षांवरील अशा रुग्णांत लोह काढायला सुरुवात करावी, असे या आजाराची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. एमआरआयचा खर्च पेलणे कठीण असेल, तर तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. तो परवडत नाही म्हणून सगळा उपचारच पुढे ढकलणे, हा पर्याय मात्र मला सर्वांत वाईट वाटतो. लोह मोजणारा एमआरआय सगळ्या केंद्रांवर होत नाही, तेव्हा वेळ ठरवताना ‘यकृतातील लोहासाठी’ असे स्पष्ट विचारून घ्या, नाहीतर साधा पोटाचा एमआरआय होऊन पैसे जातील.

आणि ज्या भीतीने तुम्ही पत्र लिहिलेत ती : लोह काढले तर रक्त आणखी कमी होईल का? नाही. हिमोग्लोबिनच्या आत लोह पक्के जडवलेले असते. डेफेरासिरॉक्ससारखे औषध तिथपर्यंत पोचून ते उपसत नाही. ते मोकळ्या आणि साठ्यातल्या लोहाला धरते आणि मुख्यतः शौचावाटे बाहेर नेते. ज्यांना लोहसाठ्याचा जन्मजात आजार असतो पण रक्त भरपूर असते, त्यांचे लोह रक्त काढून कमी करतात. तुमच्या मुलीत ती सोय नाही, म्हणूनच गोळीची गरज. शिवाय हा उपचार तिच्या बाबतीत जन्मभर अखंड चालेलच असे नाही. फेरिटिन ३०० च्या जवळ आले किंवा यकृतातले लोह ३ च्या खाली गेले की औषध थांबवतात, कारण गरजेपेक्षा जास्त लोह काढणेही धोक्याचे आहे. पुढे साठा वाढला तर पुन्हा सुरू करतात.

हे औषध निरुपद्रवी नाही, हेही लिहायला हवे. ते मूत्रपिंड आणि यकृतावर ताण देऊ शकते. त्यामुळे सुरुवातीच्या काळात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी), यकृताच्या चाचण्या आणि लघवीतले प्रथिन वरचेवर पाहावे लागते, आणि वर्षातून एकदा डोळे व कान तपासावे लागतात. जुलाब, उलट्या किंवा ताप येऊन पाणी कमी झाले, तर गोळी तेवढ्यापुरती थांबवायची का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. आमांश झाला आणि गोळी तशीच चालू राहिली, असे होऊ देऊ नका. पाळीच्या पोटदुखीसाठी घेतात त्या वेदनाशामक गोळ्या या औषधासोबत आपल्या मनाने घेऊ नयेत, कारण पोटात रक्तस्राव होऊ शकतो. इथे तुमच्यासाठी एक खास सूचना : लोहाच्या औषधाने तिला काळी शौच व्हायची आणि तुम्हाला त्याची सवय झाली आहे. यापुढे काळी शौच दिसली तर ती सवयीची समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पुढे कधी डेफेरिप्रोन हे दुसरे औषध दिले, तर त्याने लघवी तांबूस होते, त्याला घाबरू नये. पण त्यावर असताना ताप आला किंवा घसा दुखला तर लगेच पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात, कारण त्या क्वचित धोकादायक रीतीने घटतात.

सासूबाईंच्या लाडवांकडे वळू. अळिवात लोह भरपूर असते, आणि बाळंतिणीला ते लाडू द्यायची आपली रीत शहाणपणाची आहे. फक्त तुमच्या मुलीला त्याची गरज नाही. तरी आहारावरून घरात रणधुमाळी माजवू नका. अन्नातून येणारे लोह औषधाच्या आणि रक्ताच्या पिशवीच्या मानाने थोडे असते, आणि १९ वर्षांच्या मुलीच्या ताटातून पालेभाजी काढून घेतली तर नुकसानच जास्त होईल. इंटरमीडियात आतड्याचे दार उघडे असल्यामुळे आहाराला मेजरपेक्षा थोडे अधिक महत्त्व आहे, एवढेच. अळीव, मटणातली कलेजी, रोजच्या रोज खजूर हे बाजूला ठेवावे. कळण्याची भाकरी, डाळी, भाज्या, दूध, दही खुशाल खावे. आंबट पदार्थ लोखंडी कढईत शिजवू नयेत. जेवणासोबत लिंबू पिळले की लोह अधिक शोषले जाते आणि चहा घेतला की कमी. रक्त कमी असलेल्यांना आपण ‘जेवताना चहा नको’ असे सांगतो. तुमच्या मुलीला तो चालेल, एवढेच नव्हे तर उपयोगी पडेल. सासूबाईंना हे पटवायला तुम्हीच योग्य आहात, माझा लेख नव्हे. फक्त त्यांना ‘तुमच्यामुळे झाले’ असे वाटू देऊ नका. लाडू तुमच्या धाकट्या मुलाला आणि तुम्हाला चालतील. मात्र त्याआधी धाकट्याविषयी पुढे लिहिले आहे ते वाचा.

लोह घरात येते ते बाटलीवर ‘लोह’ असे लिहूनच येते असे नाही. तिला फॉलिक आम्लाची गोळी लागेल, कारण अस्थिमज्जेचे काम वाढलेले आहे. पण दुकानात फॉलिक आम्ल मागितले की बऱ्याचदा लोहासोबतची एकत्र गोळी हातात पडते. पाकिटाच्या मागे ‘फेरस’, ‘आयर्न’ किंवा ‘पॉलीमाल्टोज’ यांपैकी कोणताही शब्द असेल तर ती परत करा. ताकदीच्या गोळ्या, दुधात घालायच्या पावडरी यांचेही तेच. क जीवनसत्त्वाच्या गोळ्याही आपल्या मनाने देऊ नका. रेशनचा तांदूळ फोर्टिफाइड, म्हणजे लोह मिसळलेला, असेल तर त्यात किलोला २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे रोजच्या वाटीभर भातातून फार थोडे. त्याची काळजी तुम्ही अग्रक्रमाने करावी असे मला वाटत नाही, पण घरात पर्यायी तांदूळ असेल तर तिच्यासाठी तो वापरायला हरकत नाही.

मग तिचे रक्त वाढणार कशाने? या प्रश्नाला एकच उत्तर नाही. काहींना हायड्रॉक्सियुरिया या औषधाने फरक पडतो, काहींना ठरावीक काळ रक्त चढवावे लागते, आणि काही जण आठ हिमोग्लोबिनवर शिक्षण, नोकरी, संसार सगळे करतात. आकड्यापेक्षा ती कशी आहे हे पाहावे : जिना चढताना दम लागतो का, अभ्यासात लक्ष लागते का, चेहऱ्याची हाडे बदलताहेत का. हे सगळे पुण्याच्या डॉक्टरांशी बोलण्याचे विषय आहेत, आणि लोहाच्या प्रश्नापासून ते वेगळे ठेवले तर दोन्हींवर नीट विचार होईल.

धाकटा चौदा वर्षांचा आहे आणि शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी घेतो, असे तुम्ही लिहिले आहे. ती गोळी बहुतेक मुलांसाठी चांगली आहे. ज्याला थॅलेसेमिया मेजर आहे किंवा वारंवार रक्त चढवावे लागते, त्याला ती देऊ नये असे सरकारी सूचनांतच आहे. तुमच्या मुलाला काही त्रास नाही, म्हणजे बहुधा त्याला हा आजार नाही. पण तुम्ही दोघेही नवरा-बायको वाहक (स्वतःला आजार नाही, पण त्याचा सदोष जनुक अंगात आहे असे) आहात असे धरले, तर आजार नसलेल्या मुलाची वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते. एकदाच एचपीएलसी करून घ्या. हिमोग्लोबिन ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर आले तर तो वाहक. वाहक असणे हा आजार नव्हे आणि वाहकालाही लोहाची कमतरता होऊ शकते. फक्त त्याला लोह द्यायचे ते फेरिटिन पाहून, नुसत्या लहान पेशी पाहून नव्हे. तुमच्या दिराच्या आणि भावाच्या मुलांनाही लग्नाआधी ही तपासणी करायला सांगा.

खर्चासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. नोंदणी असलेल्या रुग्णांना लोह काढणारी औषधे अनेक सरकारी केंद्रांतून मिळतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये थॅलेसेमियाचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. प्रमाणपत्र घेतले तर लग्नात अडचण येईल, अशी ओळ तुम्ही लिहून खोडलेली दिसते. खोडलेली असली तरी ती वाचता आली. गोळ्या रोज घ्यायच्या आहेत, त्या सासरच्या कपाटात लपवून घेता येणार नाहीत. शिवाय गर्भधारणेचा विचार सुरू होताच हे औषध थांबवावे लागते, आणि गरोदरपणात रक्त चढवण्याची तयारी ठेवावी लागते. ज्याला हे माहीत नाही अशा घरात तिने जाणे मला सुरक्षित वाटत नाही. आणि होणारा नवरा वाहक आहे का, हे आधी कळणे तिच्या मुलांसाठी अत्यावश्यक आहे.

‘मीच विष पाजले का’ या प्रश्नाचे उत्तर वर येऊन गेले आहे असे मी समजतो. तेरा वर्षे तुम्ही जे दिलेत ते डॉक्टरांनी लिहून दिलेले होते. आठ महिन्यांपूर्वी ते बंद करायला सांगितल्यानंतरचे मात्र तुमचे आहे, आणि ते आजपासून थांबते आहे. यकृतातले लोह औषधाने उतरते. १९ व्या वर्षी हे लक्षात येणे आणि ३५ व्या वर्षी यकृत निबर झाल्यावर लक्षात येणे यांत फार मोठे अंतर आहे.

पत्र पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकली. त्यात गावातल्या डॉक्टरांचे मत आहे, पुण्याच्या डॉक्टरांचे आहे, सासूबाईंचे आहे, तुमचे तर आहेच. मुलीचे नाही. ती १९ वर्षांची आहे, ताळेबंद मांडायला शिकते आहे. महिन्याला ९० आत आणि १० बाहेर हा हिशोब तिला तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल. ती चमच्यातले औषध गेले आठ महिने कशाचे समजून घेते आहे, हे तिला विचारलेत का? पुण्याला जाल तेव्हा डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत तिला बसवा, तुम्ही बाजूला बसा. तिच्या वहीत तिच्याच हाताने फेरिटिन, सॅच्युरेशन, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन यांचे तारखेनुसार चार रकाने आखू द्या. पहिल्या दोन फेरिटिनच्या नोंदी तयार आहेत, १,१८० आणि १,२४०. तिसरी नोंद लोहाचे औषध पूर्ण बंद करून तीन महिने झाल्यावर, ती बरी असताना, होईल. ती नोंद तिनेच मला कळवली तर मला बरे वाटेल.